गिझर धाकटीनं जोडला

...नाही, नाही, "दोघांनी मिळून" असं लिहू नकोस. खोड ते आधी. दोघांनी मिळून म्हणे! कोण म्हणालं तुला? तुझे धाकटे आजोबा? तरीच. गिझर धाकटीनं जोडला. मी नुसती बॅटरी धरून उभी होते, आणि तीही अधूनमधून भलतीकडेच धरत होते. भावजी तर त्या वेळी घरातही नव्हते. हे पहिल्या ओळीत लिही आणि माझ्या शब्दांना साखर लावू नकोस. मला आज गोड बोलायचं नाहीये.

लिहिलंस? हं.

आता धाकटी म्हणजे कोण, ते वाचणाऱ्याला कळायला हवं. धाकटी म्हणजे माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा काडीसारखी होती. मला वाटलं, ही काय टिकते या घरात! पण ती टिकली, आणि आम्हा सगळ्यांना तिनंच टिकवलं. हॉस्पिटलच्या धोबीखान्यात काम करते. धुतलेल्या चादरी मोठ्या तापलेल्या रोलरखालून काढायच्या, ओढायच्या, घड्या घालायच्या. दिवसभर उभं राहायचं. हातांवर भाजल्याचे इतके डाग आहेत, की नवा कुठला आणि जुना कुठला तिचं तिलाच सांगता येत नाही. तिथल्या यंत्रांचा आवाज मोठा, म्हणून हिचाही आवाज मोठा. हळू बोल म्हटलं की ओरडून सांगते, "हळूच बोलतेय की!" पण हा आवाज उंबऱ्याबाहेरचा. घरात नवऱ्यापुढे तोंडाला कुलूप.

नवरा म्हणजे माझे धाकटे दीर. सगळी गल्ली त्यांना ऑपरेटर म्हणते. थिएटरात सिनेमाचं मशीन चालवायचे. मशीनवर हात चांगला होता, खोटं कशाला बोलू. रीळ तुटलं तर पडद्यावरचा हिरो पुढचं वाक्य बोलायच्या आत जोडायचे, असं लोक सांगतात. मग थिएटर बंद पडलं. आता तिथे गाड्या उभ्या करतात. भावजी घरी आले ते खिशात स्क्रू ड्रायव्हर घेऊनच, आणि तो खिशातून अजून निघालेला नाही. घरात जे दिसेल ते खोलायचं. मिक्सर खोलला. पंखा खोलला. इस्त्री खोलली. चालू असलेलं घड्याळ खोललं, का तर ते "थोडं पुढे जातं". आता ते कुठेच जात नाही. घर आहे की भंगाराचं दुकान तेच कळत नाही.

तू विचारशील, मग बाकीच्यांनी ते जोडून का नाही घेतलं? तर ऐक, इथेच सगळी गोम आहे. आमच्या मामंजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दोन्ही पोरं दुकानात लुडबुड करायची, एकानं चाक खोललं की दुसरा त्याचे छर्रे घेऊन पळायचा. म्हणून मामंजींनी नियम केला: जो खोलेल तोच जोडेल. मधे दुसऱ्यानं हात लावायचा नाही. लावला तर पाठीत पाना. दुकानापुरता नियम सोन्यासारखा होता, गं. पण तो दुकानातून घरात आला, मामंजी गेले तरी राहिला, आणि या घरात देवाच्या शब्दासारखा झाला. ऑपरेटरनी मिक्सर खोलला ना? मग तेच जोडणार. कधी? ते विचारायचं नाही. तोवर धाकटीनं पाट्यावर वाटायचं.

मिक्सरचं एक वेळ चालतं. पण गिझर?

थंडी सुरू झाली आणि गिझरचं पाणी आधी कोमट, मग गार यायला लागलं. कोपऱ्यावरचा मेकॅनिक भला माणूस. धाकटीनं सांगितल्याबरोबर पिशवी घेऊन आला. तर भावजी दारात उभे. "माझ्या घरात मेकॅनिक? मी मेलोय का?" तोवर यांनी गिझरचं खालचं झाकण काढून ठेवलं होतं. म्हणाले, "हात लावू नका. मी खोललंय." तो बिचारा हसला आणि पिशवी घेऊन गेला. हसणारच.

मग यांनी आतली कॉईल काढली. तिच्यावर क्षाराचा पांढरा थर हा एवढा जाड, हाडासारखा. नवी कॉईल आणली, बसवली आणि बटण दाबलं. टाकीत पाण्याचा थेंब नाही! आत फट् झालं आणि जळका वास आला. धाकटी दारातून म्हणाली, "अहो, आधी पाणी भरायला हवं होतं का?"

तर म्हणतात, "तू चादरींच्या घड्या घाल. दुकानदारानं डुप्लिकेट माल दिलाय."

अगं, बिनपाण्याचा कुकर गॅसवर ठेवला तर काय होतं, हे कुणाही बाईला विचार. पण नाचता येईना अंगण वाकडं. दुसरी कॉईल आणली, तीही तशीच जाळली. मग दुकानदार चोर, कंपनी चोर, विजेचं प्रेशर चोर. आणि मग नेहमीचं झालं, मन उडालं. "पार्ट मिळत नाही, सांगून ठेवलाय," म्हणायचे आणि पाय पसरून बसायचे. गिझर भिंतीवर तसाच पोट फाडलेला, आतड्यासारख्या वायरी खाली लोंबतायत.

आता गरम पाणी ही काय चैन होती का? सासूबाई अंथरुणावर आहेत. हाडं काय, नुसती काटक्यांची मोळी. गार पाणी लागलं की अंग असं थरथरतं की बघवत नाही. त्यांना रोज गरम पाण्यानं धुवावं, पुसावं लागतं. ते कोण करणार? धाकटी. पहाटे उठायचं, गॅसवर मोठं पातेलं चढवायचं, उकळलं की सांडशीनं नाही पेलत म्हणून दोन फडकी घेऊन उचलायचं, आणि स्वयंपाकघरातून त्या अरुंद बोळातून मोरीपर्यंत न्यायचं. मोरीचा उंबरा उंच, त्यात ओला. रोज. आणि मग ड्युटीवर जाऊन उभं राहायचं. आणि हे साहेब तेव्हा पांघरुणात. उठल्यावर विचारायचे, "माझ्यासाठी ठेवलंस ना थोडं?"

लिही, लिही. "साहेब"च लिही.

मग जे व्हायचं तेच झालं. उंबऱ्यावर पाय सरकला आणि उकळतं पाणी पावलावर. मी वरच्या मजल्यावर, मला आवाज आला तो पातेल्याचा नाही, सासूबाईंचा. त्या पडल्या पडल्या ओरडत होत्या. धाकटी नाही ओरडली. मी खाली पोचले तेव्हा ती भिंतीला टेकून बसलेली, आणि पातेलं बाजूला सरळ ठेवलेलं, अर्धं पाणी अजून आत. मी म्हटलं, "अगं, आधी पाय बघायचा की पातेलं?" तर म्हणते, "ताई, सगळं सांडलं असतं तर परत तापवावं लागलं असतं."

पावलावरची कातडी ओल्या कागदासारखी सरकलेली. आणि भावजी आले, बघितलं, आणि काय म्हणाले सांगू? "बघून चालता येत नाही?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

डॉक्टरनं मलमपट्टी केली आणि स्पष्ट सांगितलं. जखमेला पाणी लागू द्यायचं नाही, जड उचलायचं नाही, आणि या पायाला परत इजा झाली तर दिवसभर उभं राहायचं काम विसरायचं. आता धोबीखान्यात बसून करायचं काम आहे कुठे? जी उभी राहते ती कामावर, जी बसली ती घरी. तिचा पाय म्हणजे तिची नोकरी, आणि तिची नोकरी म्हणजे ते घर. भावजींची कमाई तर सांगायलाच नको. हे सगळं त्यांच्यासमोर बोलणं झालं. भावजी म्हणाले, "येईल पार्ट या आठवड्यात."

आणि मी एक दिवस सकाळी खाली गेले तर काय, ही बाई पावलावर प्लास्टिकची पिशवी बांधून, लंगडत, परत तेच पातेलं उचलतेय! मी ते काढून घेतलं. आणि मग मी भावजींना जे बोलले ते साऱ्या जिन्यानं ऐकलं.

"भावजी, उठा. आज एक तर तो मेकॅनिक येईल, नाहीतर तुम्ही पातेलं उचलाल."

"वहिनी, तुम्ही वर राहता, वरच्या गोष्टी बघा."

"खाली बायको भाजली तर वरनं दिसतं मला."

"मी नाही का प्रयत्न करत? मशीनला वेळ द्यावा लागतो. उगाच डोक्यावर मिरी वाटू नका."

"मशीनला वेळ देता, बायकोच्या पायाला काय देता? पिशवी?"

तर चपला घातल्या आणि गेले टपरीवर. तिथे चार रिकामटेकडे बसतात. तिथे ते अजून ऑपरेटर असतात, घरात नसतात.

मी म्हटलं, आता मेकॅनिकला बोलावते. तर धाकटी म्हणाली, "तो नाही यायचा. मागे अपमान झाला त्याचा. शिवाय आईंना नाही चालणार, यांनी खोललंय." मी म्हटलं, "घाल त्या नियमाला चुलीत." तशी ती उठली, लंगडत गेली, डब्यातनं गिझरच्या झाकणाचे स्क्रू आणि मामंजींचा जुना स्क्रू ड्रायव्हर शोधून काढला, स्टुलावर चढली आणि ते रिकामं झाकण गिझरला लावायला लागली. सगळे स्क्रू. घट्ट.

"अगं, आत काही नाही आणि झाकण काय लावतेस? डोकं फिरलं का?"

"बंद करतेय, ताई."

सासूबाईंची खाट मोरीच्या समोरच आहे, दार उघडं ठेवलं की सगळं दिसतं. धाकटीनं तिथूनच विचारलं, आणि या वेळी तिच्या धोबीखान्याच्या आवाजात, "आई, गिझर बंद आहे ना आता?"

"दिसतोय तर बंद," सासूबाई म्हणाल्या.

"आता बघा हं." आणि तोच स्क्रू ड्रायव्हर उलटा फिरवून सगळे स्क्रू परत काढले, झाकण माझ्या हातात दिलं. "आता सांगा, कुणी खोलला?"

म्हातारीला जरा वेळ लागला. मग तोंडाचं बोळकं उघडून अशी हसली, अशी हसली, की ठसका लागला. मी पाठ चोळली. म्हणाल्या, "तू खोललास गं बाई! आता जोड मुकाट्यानं. नाहीतर तुझे मामंजी वरनं पाना फेकून मारतील."

झालं. मग मी गेले कॉईल आणायला, जळलेली नमुन्याला घेऊन. दुकानदार म्हणतो, "ऑपरेटरनं पाठवलंय? मग नाही देत. मला चोर म्हणतो गल्लीभर." मी म्हटलं, "बाबा, मला कुणी पाठवत नाही, मी स्वतः येते." तेव्हा दिली. सोबत रबराचं वायसरही दिलं, म्हणाला, जुनं परत लावू नका, गळेल.

धाकटीनं धोबीखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला फोन लावून फोन खिडकीत ठेवला. तो तिकडून सांगत होता, ही करत होती, आणि मी बॅटरी. आधी गिझरचं बटण नाही, घराचं मेनच बंद करायला लावलं. मग टेस्टर लावून बघ म्हणाला. मग म्हणाला, "हिरवी वायर कुठे लावलीय?"

"हिरवी? ती टेपनं गुंडाळून बाजूला खोचलीय."

"कुणी?"

"यांनी. म्हणाले ही जास्तीची आहे. थिएटरात कधी लागली नाही."

त्यावर तो माणूस जे बोलला ते मी सांगत नाही, तुझी आई वाचेल. मग म्हणाला, "बाई, त्या गिझरात पाणी तापलं नाही हे तुमचं नशीब. कॉईल आतून फुटली असती तर करंट पाण्यात आला असता. हिरवी असली की तो जमिनीत जातो. नसली की आंघोळीला बसलेल्या माणसात जातो."

आंघोळीला कोण बसणार होतं? सासूबाई. ओल्या फरशीवर, ओल्या अंगानं. आणि तांब्या हातात धरून धाकटी. मी बॅटरी त्या हिरव्या वायरीवर धरली, या वेळी भलतीकडे नाही.

मग तिनं काम केलं. टाकीच्या तोंडाशी साचलेला क्षार जुन्या चमच्यानं खरवडला, टोपलंभर निघाला. कॉईल आत सरकवली, वायसर लावलं, हिरवी वायर तिच्या जागी घट्ट बसवली. पाणी सोडलं तर सगळं पाणी तिच्या बाहीतून थेट काखेत! वायसर उलटं बसलं होतं. तिनं एक शिवी दिली. आमच्या घरात ती लग्न होऊन आल्यापासून मी तिच्या तोंडून ऐकलेली पहिली. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "अजून एक दे, मोकळी होशील." दिली. मग परत पाणी सोडून दिलं, परत खोललं, वायसर सुलटं लावलं. नट समोरासमोरचे आवळायचे, एका बाजूनं आवळत गेलं की दुसरीकडून तोंड उघडतं, असं तो फोनवरून ओरडत होता. जखमेचं पाऊल तिनं पूर्ण वेळ दुसऱ्या स्टुलावर ठेवलं होतं, बगळ्यासारखी उभी.

आणि मग गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरू दिली. नळ आधी खोकला, फुसफुसला, मग सरळ धार लागली. तेव्हा म्हणाली, "भरली." मगच मेन लावला, मगच बटण. लाल दिवा लागला. आम्ही तिघी त्याच्याकडे बघत बसलो, जणू कुणाच्या लग्नाची वाट बघतोय. थोड्या वेळानं तिनं पाइपला हात लावला आणि माझा हात धरून त्यावर ठेवला. गरम!

नळालाही टेस्टर लावून खात्री केली, मग सासूबाईंना खुर्चीत बसवलं. मी पाणी घालत होते. म्हातारीची पाठ नळाकडे, तिनं विचारलं, "पाणी कोण आणतंय गं?"

"कुणी नाही, आई. नळाला येतंय."

"मग धाकटे, तू बस ना."

आणि धाकटी उंबऱ्यावर बसली. ज्या उंबऱ्यानं तिला भाजलं त्याच्यावरच. कोरड्या पायानं. मी लग्नाकार्यात पण तिला कधी अशी बसलेली बघितली नव्हती.

सगळं इथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण ऑपरेटर घरी आले. लाल दिवा बघितला. नळ सोडला, हात धुतले, गरम पाण्यानं, हं! पुसले, आणि म्हणाले, "नव्वद टक्के काम माझं झालंच होतं."

आणि संध्याकाळी त्यांच्या मुलाचा फोन आला, तो दूर नोकरीला आहे ना, तुझा काका. मी तिथेच बसले होते. भावजी म्हणतात, "गिझर? अरे, केला दुरुस्त! हो हो, मीच. मेकॅनिकला काय कळतंय." आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! आणि तो पोरगा तिकडून "वा बाबा, मानलं!" आणि धाकटी कणीक मळतेय, मान खाली.

मी तिला जिन्यात गाठलं. "का नाही बोललीस?"

"जाऊ दे ताई. थिएटर गेल्यापासून त्यांना कुणी वा म्हटलेलं नाही. पोरानं म्हटलं तर तेवढंच."

"दया करायची तर आधी स्वतःच्या पायाची कर!"

हसली नुसती. तिचं हसू बघून मला अजूनच राग येतो.

एवढ्यावरही मी गप्प बसले असते, पण काल पार्सल आलं. पोरानं बापाला शाबासकी म्हणून नव्या अवजारांची पेटी पाठवलीय. चकचकीत. भावजी रात्रंदिवस ती उघडतायत आणि बंद करतायत. आणि आज सकाळी मला जिन्यात सांगतात, "वहिनी, गिझर जरा घर्र करतो. रविवारी खोलून सर्व्हिसिंग करतो."

पाणी तापताना गिझर घर्र करतो गं, माणूसही झोपेत करतो, म्हणून त्याला खोलतात का? तिच्या पावलाला आता कुठे नवी गुलाबी कातडी आलीय. रविवारी हे खोलणार, सोमवारी मन उडणार, आणि मंगळवारी ती पातेलं उचलणार. आणि ती बोलणार नाही, मला माहीत आहे.

म्हणून तुला बसवलं लिहायला. हे सगळं तुझ्या काकाला पाठव, एक अक्षर न बदलता. त्याला हे पण सांग की त्याची आई भाजली होती, कारण मला खात्री आहे, त्याला घरातल्या कुणी सांगितलेलं नाही. म्हणावं, माझी आज्जी रागावली आहे, खूप रागावली आहे, पण तुझ्यावर नाही, अजून तरी नाही. म्हणावं, रविवारच्या आत बापाला सांग, गिझरला बोट लावायचं नाही. करमत नसेल तर माझा बंद पडलेला पंखा देते त्यांना, वर्षभर खोलत बसू देत, मी वाऱ्याशिवाय जगेन. आणि म्हणावं, फोन कर. पण आधी आईला. बापाला नंतर.